गाडीचा डबा काढावा की ठेवावा

२२ एप्रिल

गाडी चढावर मेली! चर्चच्या खालच्या वळणावर, आणि मागे दोन ट्रॅक्टर अन् मेंढ्यांचा एक कळप. मी पाय दाबून दाबून थकले — इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलायला तयार नाही. शेजारी मिंको शांत. म्हणे, थांब थोडी, दमली असेल. नवरा आहे की साधू!

ट्रॅक्टरवाल्यांनी ढकलत देच्कोच्या गॅरेजपर्यंत नेली. देच्को गाडीखाली सरपटला, कुठंतरी ठोकलं, आणि दात काढत बाहेर आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला म्हणे. म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला तो धूर गाळायचा डबा. आतली जाळी जळून बुजलीय, धूर बाहेर पडेना, म्हणून गाडीत जोर नाही.

"मिंकोदादा, हा डबा म्हणजे गाडीच्या नाकात बोळा आहे," देच्को म्हणाला. "काढून टाकू. त्या जागी सरळ पाइप ठोकतो. संध्याकाळपर्यंत उडायला लागेल."

मजुरी नको म्हणाला. फक्त जुना डबा त्याला द्यायचा, आत कसलेसे महागडे धातू असतात. देच्को फुकट काही करत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी म्हटलं, विचार करून सांगते. मिंकोनं नुसती मान डोलावली. फेब्रुवारीतल्या तापानंतर माणूस फारच मऊ झालाय.

२३ एप्रिल

गाडी अंगणात. तांबडी कोंबडी बॉनेटवर जाऊन बसली. तिला वाटतं तिच्यासाठीच आणलीय.

२६ एप्रिल

विचार करतेय. खरंच करतेय — रात्री पण डबा, दिवसा पण डबा.

नवा डबा बसवावा, तर आमचं मॉडेल इतकं जुनं की तो बाहेरून मागवावा लागतो. येणार जूनमध्ये. गुलाब काही जूनची वाट बघत बसणार नाही! पंधरा-वीस मेला फुलं सुरू. आमचा वाफा डोंगराला चिकटून, आणि तोतेवाबाईंची गुलाबतेलाची भट्टी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटे खुडायचं, ऊन चढायच्या आत फूल भट्टीवर पोचलं पाहिजे, नाहीतर पोत्यातच तापतं, आंबतं. गाडी नाही तर हंगाम नाही. वर्षभर त्या झुडपांची चाकरी केली ती काय काट्यांसाठी?

म्हणजे काढावाच. अर्धं गाव डब्याशिवाय फिरतंय. ऑक्टोबरात वार्षिक तपासणी असते, तेव्हा धूर मोजतात. पण देच्को म्हणतो, ऑक्टोबरचं ऑक्टोबरात बघू.

पण मग वास! डबा काढलेल्या गाडीमागून सायकलवर गेलं तरी डोळे चुरचुरतात. आणि आमची पोती डिकीत मावत नाहीत — दार अर्धवट उघडं, दोरीनं बांधलेलं. सगळा धूर मागच्या मागे आत. गुलाबाचं फूल म्हणजे कान टवकारून बसलेली शेजारीण, बाजूला जे असेल ते उचलतं. हे मला कुणी शिकवलं? मिंकोनंच.

मिंकोचं नाक! त्यावर या गावाचं पोट आहे. भट्टीच्या काट्यावर वजन करण्याआधी प्रत्येक पोत्यात तो नाक घालतो. ओलं केलेलं फूल, कालचं फूल, कांद्याशेजारी ठेवलेलं फूल — सगळं बरोबर ओळखतो. "परत" म्हणाला की परत. एकदा खुद्द सरपंचाचं पोतं परत पाठवलं. आणि माझं! लग्नानंतरचा पहिला हंगाम, मी नवी नवरी, डोक्याला रुमाल, कानामागे फूल. दुपारचं जेवण — लसणाचं सॉसेज — पोत्याच्या तोंडाशी ठेवलं होतं. यानं नाक घातलं, वर बघितलं, आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "परत." वर म्हणे, "लसूण." त्या दिवसापासून मी त्याला सांगतेय, कधीतरी माझ्यासाठी एक पोतं डोळे मिटून घे. इतकी वर्षं झाली. नाही म्हणजे नाही.

तर हा माणूस डबा काढायला कधीच हो म्हणणार नाही, असं मला वाटलं होतं. आज जेवताना विचारलं. म्हणाला, "काढ. हंगाम महत्त्वाचा."

आणि वास?

"खिडकी उघडी ठेव."

मी चमचा खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिले.

२७ एप्रिल

आठवलं. पूर्वी हंगामाच्या आधी महिनाभर हा गाडीत बसायचा नाही! पेट्रोलनं नाक बधिर होतं म्हणे. भट्टीवर चालत जायचा, पावसात सुद्धा. रकिया पिणं बंद, कांदा बंद, माझ्या केसांच्या तेलाची बाटली कपाटात कुलूपबंद. या वर्षी निवांत गाडीत बसतो, कांदा खातो. वय झालं की शिस्त सैल होते. मला तर बरंच आहे — केसांना तेल लागलं.

६ मे

संत जॉर्जचा दिवस. सणाचं कोकरू अंगणातल्या भट्टीत भाजायला घातलं आणि मी कुंपणावर गिनाशी बोलत बसले. गिना म्हणजे मिंकोची बहीण, विधवा, पलीकडच्याच घरात राहते. दोघींचं डब्यावरून भांडण. ती म्हणे, वहिनी काढून टाका, माझा नवरा होता तेव्हा आमच्या गाडीला सायलेन्सरच नव्हता, तरी संसार झाला. मी म्हटलं, म्हणून तर तो अर्धा बहिरा झाला, आणि संसार झाला.

बोलता बोलता कोकरू जळलं. कुंपणापर्यंत वास! धावत आले तर मिंको भट्टीशेजारच्याच बाकावर, पेपर वाचत. याला हाक मारायला काय झालं होतं? जळकी बाजू खाली करून वाढलं. गिनानं नाक मुरडलं. मिंको चवीनं खाऊन म्हणाला, "छान झालंय."

माझ्या स्वयंपाकाला हा माणूस चक्क छान म्हणाला! भिंतीवर तारीख कोरून ठेवावी.

९ मे

मी बाजारात गेले होते. आले तर अंगण रिकामं. मिंकोनं मला न विचारता देच्कोला बोलावून गाडी नेऊ दिली. डबा गेला, पाइप आला.

चिडले. खूप चिडले. "विचार करते म्हटलं होतं ना मी!"

"दोन आठवडे केलास," तो म्हणाला. "गुलाबाला कळ्या धरल्या."

खरं होतं, म्हणून आणखीनच चिडले.

१० मे

देच्कोनं गाडी आणून दिली. आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. खालच्या पुलापासून गावातली सगळी कुत्री पाठीमागे. भट्टीच्या खांबावरच्या घरट्यात करकोचा उभाच राहिला. गिनानं शकुन म्हणून फाटकात गाडीपुढे तांब्याभर पाणी ओतलं — प्रवास पाण्यासारखा सरळ होवो. अर्धं पाणी देच्कोच्या पायावर.

चढावर मात्र उडते! चर्चचं वळण तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. पाद्री बाहेर येऊन छातीवर क्रॉस करायला लागले. हसू आवरेना. राग अर्धा तिथंच उतरला.

उरलेला अर्धा राग नाकात. धुराचा वास येतो. येतोच! मिंकोला म्हटलं. म्हणाला, मला नाही आला.

१२ मे

"येतो." "नाही येत." "येतो." "नाही येत." आमचा आजचा सगळा दिवस.

१८ मे

पहिली फुलं! पहाटे दव इतकं की बाह्या कोपरापर्यंत ओल्या. डोंगरावर धुकं, वाफ्यात गुलाबी उजेड. गिना गात होती, नेहमीसारखी बेसूर. पहिल्या दिवशी बोटं दुखत नाहीत, मन हलकं असतं. कानामागे फूल लावलं. या वयात शोभत नाही असं गिना म्हणाली आणि स्वतः दोन लावली.

आज फूल थोडंच. डिकी बंद झाली, दोरीची गरज पडली नाही. काट्यावर मिंको पांढऱ्या कोटात. पोत्यात नाक, मग वर बघणं, मग मान. सगळं जसंच्या तसं. मला अजूनही त्या क्षणाला धडधडतं, लसणाची आठवण येते.

१९ मे

आज तीन भरगच्च पोती, डिकी बांधून आणली. गिना मागे पोत्यांपाशी बसली होती. भट्टीपाशी उतरली ती पांढरीफटक, डोकं धरून. म्हणाली, वहिनी, मला गुलाबांबरोबर उकडताय की धुरात सुकवताय? खिडक्या चारही उघड्या होत्या तरी! मिंको काटा सोडून तिच्याकडे धावला, आमची पोती न हुंगताच वजनाला गेली.

घरी आल्यावर मी मिंकोपुढे उभी राहिले. तुझ्या बहिणीचं डोकं फुटायला आलंय, आता तरी कबूल कर. त्यानं गिनाला पुदिन्याचा चहा करून दिला, शाल दिली, आणि उद्यापासून तिनं चालत यावं म्हणाला. पण वासाचं? "मी पुढे बसून आलोय की परवा. काही नव्हतं."

बैलसुद्धा इतका हट्टी नसतो. स्वतः डबा काढायला लावला, म्हणून आता वास आहे असं म्हणायची चोरी!

२० मे

ठरवलं. भांडण बंद. त्याचं नाकच त्याला सांगेल.

आज भट्टीच्या अलीकडे गाडी थांबवून पोत्यात मीच नाक घातलं. वरचे दोन थर साफ धुराळलेले. आज ते काढून टाकले. मला कळतंय, तर त्याला कळणारच. उद्या मी गप्प राहणार, पोतं त्याच्यापुढे ठेवणार, आणि त्याला सगळ्या गावासमोर "परत" म्हणावं लागणार. मग त्याच संध्याकाळी देच्कोकडे. नवा डबा मागव म्हणायचं. एक दिवसाचं फूल गेलं तर गेलं. उरलेला हंगाम तर वाचेल.

झोप येत नाहीये. लहान मुलीसारखं झालंय!

२१ मे

काय लिहू.

सकाळी मुद्दाम पोती दाराच्या अगदी कडेला ठेवली. सायलेन्सरच्या तोंडावरच. भट्टीवर पोचेपर्यंत माझेच डोळे भरले. काट्याशी रांग होती, दहा-बारा जण. माझा नंबर आला. पोतं उघडलं. मान ताठ करून उभी राहिले, ओठ दाबून, हसू येऊ नये म्हणून. मनात म्हणतेय, घाल. घाल नाक.

मिंकोनं पाकळ्यांतून हात फिरवला. वाकला. खोल श्वास घेतला. वर माझ्याकडे बघितलं — नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"चांगलं आहे," म्हणाला. "घ्या."

मागे उभ्या असलेल्या बाईनं खोकून तोंड फिरवलं. तिला आला होता वास! वजन करणाऱ्या पोऱ्यानं सुद्धा मिंकोकडे चमकून बघितलं. पण मिंकोच्या शब्दावर बोलणार कोण? दुसरं पोतं — घ्या. तिसरं — घ्या. आणि तिसऱ्यावर त्यानं हलकेच थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

मी गाडीत येऊन बसले आणि किल्ली फिरवायची विसरले. आधी राग आला. लबाड! भांडण जिंकायला स्वतःचं नाक खोटं पाडलंस? मग ती थाप आठवली. आणि ते बघणं. ते जिंकणाऱ्याचं बघणं नव्हतं.

गिनाला सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, सरपंचाला सोडलं नाही त्यानं. हे तुमच्यासाठी केलंय."

माझ्यासाठी! लसणाचं फेडलं त्यानं. इतक्या वर्षांनी.

२२ मे

सकाळपासून गुणगुणतेय. वाफ्यात शेजारची विचारत होती, लॉटरी लागली का.

चुकीचं केलं त्यानं, हे कळतंय मला. तोतेवाबाईंच्या तेलात माझा धूर गेला. त्या बाईंनी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकलाय. मला लाज वाटते. पण लाजेच्या खाली असं गरम गरम काहीतरी आहे, ते खोटं कशाला लिहू? या पानाला कोण बघतंय! मला आनंद झालाय. माझ्यासाठी एकदा तरी तो वाकला.

बनित्सा केली, चीजचे थर घातलेली. घाईत चीज कुठलं घेतलं बघितलं नाही — मागच्या फडताळातलं, आंबलेलं. पहिल्याच घासाला माझं तोंड वाकडं. मिंकोनं तीन तुकडे खाल्ले. तीन! एक शब्द नाही. प्रेमात माणूस काय काय गिळतो.

२३ मे

आज फूल गाडीतून नेलंच नाही. गिनाच्या दिराची घोडागाडी मागून आणली. उशीर नको म्हणून अर्धाच वाफा खुडला. त्याला अडचणीत टाकायचं नाही आता. एकदा झालं ते पुरे. काट्यावर त्यानं पोती घेतली, घोडागाडीकडे बघितलं.

तिथून देच्कोकडे गेले. माझा डबा परत दे म्हटलं. गेला म्हणाला, धातूवाल्यानं नेला त्याच आठवड्यात. आणि तो बुजलेला होता वहिनी, परत लावून काय उपयोग.

नवा मागवायला सांगितलं. त्यानं कान खाजवला. "मिंकोदादा हो म्हणतील?"

म्हणेल, म्हटलं. ते माझ्याकडे लागलं.

२४ मे

शाळेच्या पोरांची मिरवणूक, हातात फुलांचे तुरे, पुढे बँड. गाडी बाहेर काढली असती तर बँडची गरजच नव्हती.

उद्या बोलणार मिंकोशी. काय म्हणायचं ते पाठ करून ठेवलंय. पोतं घेतलंस, मला कळलं, मला बरं वाटलं — पण पुन्हा असं करू नकोस. डबा नवा येतोय. आपण दोघंही थोडे थोडे चुकलो. असं. "थोडे थोडे" वर जोर द्यायचा. आणि मग त्याला एक चुंबन द्यायचं, तो पेपर वाचत असला तरी.

२५ मे

बोलले. दुपारी, द्राक्षाच्या वेलाखाली. त्यानं पेपर बाजूला ठेवला. मी चुंबनापर्यंत पोचले नाही.

"नेदा," तो म्हणाला, "त्या पोत्यांना खरंच वास होता?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तोंड बघितलं. चेष्टा नव्हती.

फेब्रुवारीतल्या तापापासून त्याला कशाचाच वास येत नाहीये. कोकराचा नाही, चीजचा नाही, धुराचा नाही. येईल परत, येईल, म्हणत मे उजाडला. काट्यावर तो पाकळ्या हातानं बघायचा आणि नाक पोत्यात घालून माणसांचे चेहरे वाचायचा. ज्याचं पोतं खराब, त्याचा चेहरा आधीच उतरतो म्हणे, आणि गावातले सगळे चेहरे त्याला पाठ. माझा चेहरा त्या दिवशी इतका खूश होता!

म्हणजे माझ्यासाठी त्यानं काहीच केलं नव्हतं. हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं. आलं ते वेगळ्याच कारणानं.

"लसणाचा तरी नव्हता ना?" त्यानं विचारलं. मग दोघंही हसलो, फार वेळ, डोळे पुसत.

उद्या सकाळी तो तोतेवाबाईंना सगळं सांगणार आहे. मी बरोबर जाणार. चालत.

आत येताना त्यानं मला दारात थांबवलं. आज पहाटे वाफ्यात वास कसा होता सांग म्हणाला. धुराचा नको. गुलाबाचा.

सांगितला. जमेल तसा.